विश्लेषण : कर्करोगाचा उपचार मोफत, तरी तो अर्ध्यावर का सुटतो? नांदेड-लातूरमध्ये नेमके काय कमी पडते?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वंकष कर्करोग धोरणाला मंजुरी दिली. तीन स्तरांत १८ रुग्णालयांचे जाळे आणि त्याच्या समन्वयासाठी ‘महाकेअर’ ही कंपनी, असा त्याचा आराखडा आहे. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यात दुसऱ्या स्तरावर आहे. त्याआधी केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली होती. म्हणजे यंत्रे आणि डॉक्टर हळूहळू मराठवाड्याच्या जवळ येणार आहेत. मात्र उपचार सुरू होणे आणि तो पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवास, मुक्काम, जेवण, बुडालेली मजुरी, कागदपत्रे आणि घरी आलेला ताप यांपैकी कशावरही उपचार अडतो. या अडचणींवर उपाय सांगणाऱ्या सेवा कोणत्या, त्या नांदेड-लातूरच्या रुग्णापर्यंत का पोहोचत नाहीत आणि नव्या केंद्रांनी काय करायला हवे, याचा आढावा.

एक उपचार म्हणजे किती दिवस?

कर्करोगाचे ‘ऑपरेशन’ हा शब्द गावाकडे सर्रास वापरला जातो, पण ऑपरेशन हा उपचाराचा एक टप्पा असतो. तंबाखू, खर्रा, गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर अनेकांना किरणोपचार, म्हणजे ‘शेक’, घ्यावे लागतात. ते आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात. गरज असल्यास त्याआधी खराब दात काढावे लागतात आणि जखम भरण्याची वाट पाहावी लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात साधारण पाच आठवडे बाहेरून किरणोपचार, सोबत दर आठवड्याला किमोथेरपी आणि शेवटी आतून किरणोपचार असा क्रम असतो. स्तनाच्या कर्करोगात बहुतेकदा दर तीन आठवड्यांनी किमोथेरपीची सहा ते आठ आवर्तने, शस्त्रक्रिया, नंतर तीन आठवड्यांच्या आसपास शेक आणि काही जणींना पाच वर्षे किंवा अधिक काळ गोळ्या.

किमोथेरपीसाठी महिन्यातून एकदोनदा जाऊन येणे जमते. खरी कोंडी होते ती शेकाच्या वेळी. एक दिवसाचा शेक पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, पण त्यासाठी दीड-दोन महिने यंत्राच्या जवळ राहावे लागते. मुखेड, किनवट, औसा किंवा निलंग्याच्या मजुराला सात आठवडे घर सोडून शहरात राहणे परवडत नाही आणि रोज ये-जा करण्याची ताकद अंगात उरलेली नसते.

चार दिवस चुकले तर बिघडते काय?

पुष्कळ बिघडते. किरणोपचार ठरल्या वेळेत संपणे हा उपचाराचाच भाग आहे. मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. डोके-मान भागाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एकूण कालावधी लांबला, तर आजार आटोक्यात राहण्याची शक्यता प्रत्येक जादा दिवसामागे साधारण एक टक्क्याच्या आसपास घटते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गर्भाशयमुखाचा पूर्ण उपचार आठ आठवड्यांत संपवावा, हा निकष त्यातूनच आला. पेरणी, लग्न, पोळा किंवा पैशांची जुळवाजुळव यासाठी गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला रुग्ण त्याच ठिकाणाहून पुढे सुरू करू शकतो, असे नातेवाइकांना वाटते. तसे होत नाही. हे त्यांना पहिल्या दिवशी समजेल अशा भाषेत सांगणे, हीच सहायक सेवांची पहिली पायरी आहे.

योजना कशाचे पैसे देते, कशाचे नाही?

नांदेड हा राज्याच्या आरोग्य विमा योजनेचा जुना जिल्हा. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व रहिवाशांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि किरणोपचार हे तिन्ही या योजनेत आहेत. प्रत्येक संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो.

या योजनेने औषधाचा आणि शस्त्रक्रियेचा मोठा भार उचलला, यात शंका नाही. पॅकेजमध्ये दाखल रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचा एकवेळचा एसटी किंवा दुसऱ्या वर्गाच्या रेल्वेचा खर्चही धरलेला असतो. पण शेक घेणारा बहुतेक रुग्ण दाखल नसतो. तो रोज बाहेरून येतो. त्याची खोली, त्याचे व सोबतच्या माणसाचे जेवण आणि दोघांची मजुरी कोणत्याही पॅकेजमध्ये नाही. रोजगार हमीचा राज्यातील २०२५-२६ चा दर, दिवसाला ३१२ रुपये, धरला तरी ४५ दिवसांत दोघांची मिळून २८ हजार ८० रुपयांची मजुरी बुडते. ‘मोफत’ उपचाराचे हे न दिसणारे बिल आहे. निदान पक्के होईपर्यंतच्या बाहेर केलेल्या तपासण्यांचा खर्च अनेकदा याआधीच झालेला असतो.

निराधारांसाठी संजय गांधी अनुदान योजना आहे. कर्करोगासारख्या दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना तिच्यातून महिन्याला दीड हजार रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी वर्षानुवर्षे असलेली कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. शिवाय अर्ज तहसील पातळीवरून मंजूर होईपर्यंत वेळ जातो. सात आठवड्यांचा शेक तेवढा थांबत नाही.

प्रवास आणि मुक्कामासाठी काय सोयी आहेत?

प्रवासाच्या सवलती बऱ्याच आहेत. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये तिकीट पूर्ण माफ आहे, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात भरून दिलेला दाखला लागतो आणि तिकीट आरक्षण खिडकीवरून काढावे लागते. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. तरीही पूर्ण तिकीट काढून नांदेडहून मुंबई गाठणारे रुग्ण असतात, कारण हा दाखला मागायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मुंबईत मुक्कामाच्या सोयीही आहेत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. त्याच्याभोवती पुढे सेवाभावी संस्थांचे जाळे उभे राहिले. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवास येथे रुग्ण आणि नातेवाईक अल्प दरात राहतात. कर्करोग झालेल्या मुलांना आई-वडिलांसह विनामूल्य राहण्याची सोय सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून करते. मुलांच्या आहारासाठी कडल्स फाउंडेशन, तर औषधे आणि इतर मदतीसाठी १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन काम करते. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासूनची. टाटामध्ये स्वतंत्र वैद्यकीय समाजकार्य विभाग आहे.

अडचण अशी की यातील बहुतेक सोयी मुंबईत आहेत. नांदेडहून मुंबई रेल्वेने सुमारे ६०० किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचा किंवा पूर्ण दिवसाचा प्रवास. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, म्हणजेच राज्य कर्करोग संस्था, नांदेडपासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. लातूरकरांना शंभरेक किलोमीटरवरचे बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडते. लातूर शहरात विवेकानंद रुग्णालयाची कर्करोग सेवा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादचे लोक हैदराबादकडे वळतात. गाव बदलले की धर्मशाळा, संस्था आणि कागदांचे नमुने बदलतात. मुंबईत रुग्णालयाच्या दारात मिळणारी माहिती या इतर वाटांवर एका जागी मिळत नाही.

घरी परतल्यावरचा धोका कोणता?

किमोथेरपी घेऊन रुग्ण त्याच दिवशी गावी परततो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर ती तातडीची स्थिती असते. काही तासांत रक्ततपासणी होऊन शिरेतून प्रतिजैविके सुरू व्हावी लागतात. गावातील डॉक्टरला पूर्वकल्पना नसेल, तर साध्या तापाच्या गोळीवर दोन दिवस निघून जातात आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरतो.

तोंडाच्या कर्करोगात प्रश्न वेगळा असतो. शेकाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, गिळता येत नाही, वजन झपाट्याने उतरते. भाकरी जात नाही म्हणून रुग्ण चहा-बिस्किटावर राहतो. नाकातून पोटात नळी घालण्याला घरचे नकार देतात, कारण ‘नळी लागली म्हणजे संपले’ असा समज असतो. प्रत्यक्षात ही नळी उपचार पार पडावा म्हणून असते आणि नंतर बहुतेकांची ती काढता येते. त्यातून दूध, पातळ पेज, वरण, अंडे घोटून कसे द्यायचे, हे दाखवायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास देणारा माणूस गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नसतो. वेदनांचेही तसेच. मॉर्फिनची गोळी सुरक्षितपणे देता यावी म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायदा सुधारण्यात आला, पण ती तालुक्याच्या औषध दुकानात सहजी मिळणारी वस्तू नाही.

‘केवट’ म्हणजे काय?

रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचे नाव केवट. याच नावाने टाटा मेमोरियल सेंटर आणि टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) यांनी रुग्ण-मार्गदर्शक तयार करणारा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. हा मार्गदर्शक डॉक्टर किंवा परिचारिका नसतो. रुग्ण पहिल्यांदा आल्यापासून उपचार संपेपर्यंत त्याच्यासोबत राहणे हे त्याचे काम. कोणती तपासणी आधी, कोणता कागद कुठे, राहायचे कुठे, पुढची तारीख चुकली तर फोन कोण करणार, हे सर्व तो पाहतो.

आरोग्यमित्र हेच करत नाही का, असा प्रश्न पडू शकतो. आरोग्यमित्राचे मुख्य काम योजनेची नोंदणी, पात्रता आणि तक्रार. दावा मंजूर झाला की त्याच्या दृष्टीने मोठा टप्पा संपतो. रुग्ण तिसऱ्या शेकानंतर का आला नाही, हे शोधणे त्याच्या कामात नाही. ते कोणाच्याच कामात नाही.

अशा मदतीने खरोखर फरक पडतो का?

रुग्ण-मार्गदर्शकाची कल्पना डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या गरीब वस्तीत राबवली. तिथे १९८६ पर्यंतच्या सुमारे दोन दशकांत स्तनाच्या कर्करोगाच्या ३९ टक्के रुग्णच पाच वर्षे जगत होत्या. मोफत तपासणी आणि मार्गदर्शक अशी जोड दिल्यानंतर, १९९५ ते २००० या काळातील रुग्णांत हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. मधल्या काळात औषधेही सुधारली होती, हे लक्षात घेतले तरी फरक लहान नाही.

न्यूयॉर्कच्याच मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर एक चाचणी झाली. किमोथेरपी चालू असताना निम्म्याहून अधिक रुग्णांना आपला त्रास नियमित कळवण्याची संगणकीय सोय देण्यात आली. त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जाई. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने होते, तर नेहमीची देखभाल मिळालेल्यांचे २६ महिने. पाच महिन्यांची ही भर केवळ वेळीच घेतलेल्या विचारपूशीची होती.

उदाहरण शेजारीही आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. लातूरला लागून असलेल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात बार्शी आणि टाटाच्या पथकांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास केला. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी हा त्याचा एक भाग होता. गावात जाऊन बायकांना विश्वासात घेणे आणि दोष आढळला तर पुढचा उपचार होईल असे पाहणे, हा दुसरा. खेड्यातील बाई तपासणीला येत नाही, ही सबब या अभ्यासानंतर चालत नाही.

क्षयरोगाला जमले, ते कर्करोगाला का नाही?

पाठपुरावा कसा करायचा, हे आपल्याच आरोग्य खात्याला ठाऊक आहे. क्षयरोगाच्या रुग्णाची ‘नि-क्षय’ पोर्टलवर नोंद होते. गोळ्या चालू आहेत का, हे आशा किंवा दुसरा उपचार-सहायक पाहतो आणि त्याला मानधन मिळते. रुग्णाला २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. रुग्ण दुसऱ्या गावी गेला, तर नोंदही त्याच्यामागे जाते.

कर्करोगात यातील काहीही सार्वत्रिक नाही. क्षयरोग संसर्गजन्य असल्याने त्याचा उपचार सोडणे ही सरकारची चिंता ठरली. कर्करोगात मात्र उपचार सुटणे हे घरचे दुर्दैव मानले गेले. उलट तपासणी मोहिमा वाढत आहेत. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २०२५ मध्ये ‘संजीवनी’ अभियानात प्रश्नावलीतून सुमारे १४ हजार ५०० महिलांमध्ये कर्करोगसदृश लक्षणे नोंदवली गेली. लक्षण म्हणजे निदान नव्हे आणि प्रत्यक्ष निदान झालेल्यांची संख्या त्या तुलनेत अगदी थोडी होती. तरीही प्रत्येकीला पुढच्या तपासणीपर्यंत आणि गरज असल्यास उपचारापर्यंत पोहोचवावे लागते. शोधण्याची यंत्रणा मोठी आणि पोहोचवण्याची लहान असली, तर मोहिमेतून गावात भीतीच जास्त उरते.

नव्या केंद्रांकडून काय अपेक्षित?

नांदेडमध्ये पूर्ण उपचार आणि लातूरसह जिल्हा रुग्णालयांत डे-केअर किमोथेरपी मिळू लागली, तर प्रवासाचा मोठा भार कमी होईल. मोठ्या केंद्रात उपचार ठरवून पुढची आवर्तने घराजवळ देण्याची पद्धत यातून रुळू शकते. ऑगस्ट २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशातील ३०० हून अधिक केंद्रे एकमेकांशी जोडली गेली आहेत, त्याचाही उपयोग होईल.

मात्र यंत्रासोबत काही साध्या गोष्टी मंजूर व्हाव्या लागतील. प्रत्येक केंद्रात वैद्यकीय समाजसेवक आणि प्रशिक्षित रुग्ण-मार्गदर्शक. शेक घेणाऱ्या बाह्यरुग्णांसाठी आवारातच निवास आणि जेवण. दिवसरात्र उचलला जाणारा एक फोन. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला किमोथेरपीनंतरच्या तापाची लेखी सूचना. क्षयरोगासारखा पोषणभत्ता आणि आशांना पाठपुराव्याचे मानधन. किरणोपचाराच्या यंत्राला कोट्यवधी रुपये लागतात, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. केंद्राचे यश मोजताना किती रुग्ण तपासले याबरोबर किती जणांचा उपचार वेळेत पूर्ण झाला, हा आकडाही जाहीर व्हायला हवा.

तोपर्यंत कुटुंबाने पहिल्या दिवशी काय विचारावे?

उपचाराचा संपूर्ण क्रम आणि एकूण आठवडे डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. हा आजार बरा करण्यासाठीचा उपचार आहे की त्रास कमी करण्यासाठीचा, हेही विचारावे. जमीन किंवा दागिना विकण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा. बायोप्सीचा अहवाल, तिचे ब्लॉक व स्लाइड आणि स्कॅन एका फाइलमध्ये ठेवावेत. गहाळ झाल्यास पुन्हा तपासणी आणि पुन्हा आठवडे जातात. रेल्वे सवलतीचा दाखला त्याच दिवशी मागावा. ताप आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे विचारून गावातील डॉक्टरलाही दाखवावे.

योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर, तर आयुष्मान कार्डाची १४५५५ वर मिळते. राज्याबाहेर जाण्याआधी तेथील रुग्णालय आपल्या कार्डासाठी संलग्न आहे का, याची खात्री करावी. पैसे कमी पडत असल्यास मुख्यमंत्री सहायता निधीच्या जिल्हा कक्षात अर्ज करता येतो. मन खचले, झोप उडाली, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रुग्णासाठी आहे तसाच त्याच्या उशाशी बसलेल्या माणसासाठीही. आणि काही कारणाने गावी जावेच लागणार असेल, तर न सांगता जाऊ नये. डॉक्टर किंवा समाजसेवकाला आधी कळवल्यास तारखा बसवता येतात आणि चुकलेले शेक भरून काढण्याची सोयही काही वेळा करता येते.